खंबाटकीतले चार सेकंद

१९ एप्रिल २०२५, शनिवार. गुड फ्रायडेला जोडून आलेली सुट्टी, त्यामुळे पुण्याहून साताऱ्याकडे निघालेल्या गाड्यांनी खंबाटकी घाट सकाळी नवालाच तुंबला होता. आम्ही वाईला मामांकडे निघालो होतो. मी, बायको आणि मागे आई. वीस मिनिटं एकाच जागी उभं राहिल्यावर मी इंजिन बंद केलं, हँडब्रेक ओढला, आईला पंखा हवा म्हणून चावी अर्ध्यावर ठेवली. पुढे फरशीने भरलेला एक पिकअप उभा होता, मधे साडेतीन मीटरचं अंतर. साडेनऊच्या सुमारास तो पिकअप मागे घसरला आणि त्याचा फाळका आमच्या बॉनेटवर येऊन आदळला.

ड्रायव्हर खाली उतरला. त्याचं पहिलं वाक्य होतं, "काय साहेब, पुढं बघून चालवायचं ना!"

मागच्याने पुढच्याला ठोकलं तर चूक मागच्याची, हे रस्त्यावरचं गणित सगळ्यांना पाठ असतं. बघता बघता जमलेल्या दहा-बारा जणांनाही ते पाठ होतं. आमच्या मागच्या गाडीतल्या माणसाने काही पाहिलं असेल म्हणून मी वळलो, तर तो काच वर करून मोबाईल बघत बसलेला. पिकअपवाल्याने फुटलेल्या फरशीचे आणि वाकलेल्या फाळक्याचे मिळून पंधरा हजार मागितले. मी म्हणालो, "माझ्याकडे कॅमेरा आहे."

खरं तर तिथेच प्रकरण संपायला हवं होतं. ते पुढे नऊ दिवस चाललं, आणि त्यातले निम्मे दिवस माझ्या कॅमेऱ्यामुळे गेले.

कॅमेरा डॅशकॅम, म्हणजे गाडीच्या काचेवर बसून समोरचा रस्ता टिपत राहणारा, नव्हता. चार-पाच वर्षांपूर्वी हरिश्चंद्रगडाच्या ट्रेकसाठी हौसेने घेतलेला अ‍ॅक्शन कॅमेरा होता तो. ट्रेक दोन झाले, मग तो कपाटात सॉक्सच्या कप्प्यात जाऊन बसला. गेल्या जानेवारीत डॅशकॅम घ्यायचं मनात आलं तेव्हा बायको म्हणाली, "तो आहे ना पडलेला, तोच लाव की." सल्ला बिनतोड वाटला. फोर-के व्हिडिओ, रुंद लेन्स, धक्क्यांना दाद न देणारा. तीन-चार हजारांच्या साध्या डॅशकॅमपेक्षा चित्र कितीतरी सरस. सर्वच बाबतींत वरचढ असलेली वस्तू घरात असताना नवी कशाला घ्यायची?

पुढच्या तीन महिन्यांत या प्रश्नाचं उत्तर हप्त्याहप्त्याने मिळत गेलं. चित्राने मला एकदाही दगा दिला नाही. घोळ होता तो कॅमेरा सुरू होण्यात, तापल्यावर चालू राहण्यात आणि वीज गेल्यावर फाईल नीट बंद करण्यात. तिन्ही कामं डॅशकॅम न सांगता करतो. अ‍ॅक्शन कॅमेरा ज्याच्यासाठी बनला आहे त्या माणसाच्या छातीवर किंवा हेल्मेटवर तो असतो, आणि हात बटणापाशी असतो. गाडी चालवणाऱ्याचा हात गिअरवर असतो आणि डोकं घरून निघताना गॅस बंद केला का यात.

पहिला आठवडा बटण दाबायला विसरण्यात गेला. डॅशकॅम चावी फिरवली की उठतो आणि रेकॉर्डिंग धरतो. माझा कॅमेरा चार्जरला लावला की नुसता चार्ज व्हायचा. एसजेकॅमसारख्या काही कॅमेऱ्यांत 'कार मोड' असतो, वीज आली की तो आपण होऊन सुरू होतो. गोप्रोच्या बऱ्याच मॉडेलांसाठी 'गोप्रो लॅब्स' नावाचं वेगळं फर्मवेअर, म्हणजे कॅमेऱ्याच्या आतलं सॉफ्टवेअर, मिळतं, त्यात कॅमेऱ्यापुढे क्यूआर कोड धरून 'वीज आली की जागा हो' अशी सूचना देता येते. माझ्या मॉडेलला दोन्ही नव्हतं. मग घरात एक प्रथा पडली. गाडी सोसायटीच्या गेटबाहेर पडली की आई मागून विचारायची, "लाल दिवा लागला का रे?" आमच्या गाडीतली ऑटो-स्टार्टची सोय ती.

फेब्रुवारीत पहिला फटका बसला. नवले पुलाच्या उतारावर एका दुचाकीवाल्याने माझा आरसा उडवला आणि सर्व्हिस रोडने निघून गेला. लाल दिवा लागलेला होता. घरी येऊन कार्ड उघडलं तर आरशाचा व्हिडिओच नाही, फक्त घराजवळची शेवटची काही मिनिटं.

झालं होतं असं, की मी लूप रेकॉर्डिंग पाच मिनिटांवर ठेवलं होतं. डॅशकॅममध्ये 'लूप ५ मिनिटं' म्हणजे पाच-पाच मिनिटांचे तुकडे. कार्ड भरलं की सर्वांत जुना तुकडा पुसला जातो, त्यामुळे कार्डाच्या आकाराप्रमाणे मागचे कितीतरी तास शिल्लक असतात. शिवाय धक्का बसला की तो ओळखणारा जी-सेन्सर तेवढा तुकडा कुलूपबंद करतो, म्हणजे पुसू देत नाही. माझ्या कॅमेऱ्यात त्याच शब्दांचा अर्थ निराळा होता: फक्त मागची पाच मिनिटं ठेव, बाकी पुसत जा. घटना घडली की लगेच बटण दाबून थांबवायचं, हे त्यात गृहीत धरलेलं. डॉल्फिनने उडी मारली, दाबा बटण. आरसा उडाल्यावर बटण दाबायला कोणाला सुचतं? मी तर दहा मिनिटं नुसता शिव्या देत होतो, आणि आता वाटतं की तेही पुसलं गेलं हे बरंच झालं.

तेव्हापासून लूप बंद केला. १२८ जीबीचं कार्ड घातलं, चित्र फोर-केवरून १०८०पी आणि सेकंदाला २५ फ्रेमवर आणलं. सेकंदाला सुमारे ३० मेगाबिटच्या वेगाने कार्डावर साडेनऊ तास मावतात, रोज रात्री कार्ड रिकामं करायचं. २५ फ्रेम मुद्दाम. आपल्याकडे वीज ५० हर्ट्झची आहे; ३० फ्रेमवर रस्त्यावरचे दिवे व्हिडिओत लुकलुकायला लागतात.

धक्के शोषणारं स्टॅबिलायझेशनही बंद केलं. कॅमेऱ्यातला जायरो, म्हणजे हालचाल ओळखणारा सेन्सर, गाडीचं वळणं ही थरथर समजतो आणि ती दुरुस्त करू पाहतो. परिणाम असा की कात्रजच्या वळणावर रस्ता स्थिर आणि आमचं बॉनेट मात्र झोपाळ्यासारखं एका बाजूला जातंय. अपघाताच्या व्हिडिओत तर धक्का दिसलाच पाहिजे, तो कॅमेऱ्याने गिळला तर पुरावा कशाचा?

मग मार्च आला, आणि ऊन.

अ‍ॅक्शन कॅमेरा थंड राहतो तो वाऱ्यावर. सायकलच्या हँडलवर, बोटीच्या टोकाला तो सुखी असतो. बंद काचेमागे, थेट उन्हात, त्यात रेकॉर्डिंग आणि चार्जिंग एकाच वेळी, म्हणजे आतून चूल आणि बाहेरून तवा. अर्ध्या तासात पडद्यावर थर्मामीटरचं चित्र यायचं आणि कॅमेरा आपोआप बंद. लिथियम-आयन बॅटरी साधारण ४५ अंशांच्या वर चार्ज करू नये असं तिचे बनवणारेच सांगतात. दुपारी उघड्यावर उभ्या गाडीचा डॅशबोर्ड साठ-सत्तर अंशांपर्यंत सहज जातो. एकदा ऑफिसच्या पार्किंगमध्ये कॅमेरा तसाच काचेवर राहिला आणि संध्याकाळी बॅटरीचं झाकण उघडेना. कशीबशी बाहेर काढली तर बॅटरी टम्म फुगलेली, टेबलावर ठेवली तर मध्यावर डुलत होती. ती ई-कचऱ्यात दिली. चांगल्या डॅशकॅममध्ये बॅटरीच्या जागी सुपरकपॅसिटर असतो तो याचसाठी. त्यात वीज साठते जेमतेम काही सेकंदांची, पण तो उन्हाला बॅटरीपेक्षा पुष्कळ जास्त सोसतो आणि फुगत नाही.

मी स्वतःला हुशार समजून नवी बॅटरी घेतलीच नाही. माझा कॅमेरा बॅटरीशिवाय, नुसत्या यूएसबीच्या विजेवर चालतो, तसा चालवायला लागलो. सिगारेट लायटरच्या सॉकेटमधून वायर थेट कॅमेऱ्याला. तापणं खूपच कमी झालं, बंद पडणं थांबलं. पण त्या हुशारीने दोन खड्डे खणले होते, आणि खंबाटकीत मी दोन्हींत पडलो.

बसवण्याबद्दल थोडक्यात. उन्हात सक्शन कप गळून पडतो, चिकटपट्टीचा माउंट टिकतो. जागा आरशाच्या मागे, म्हणजे नजरेआड. वॉटरप्रूफ खोका काढून टाका, तो उष्णता कोंडतो आणि आवाज दाबतो. लेन्स काचेला जेवढी जवळ तेवढं डॅशबोर्डचं प्रतिबिंब कमी. आमच्या डॅशबोर्डवर आईने बसवलेला पितळी गणपती आहे. सुरुवातीच्या सगळ्या व्हिडिओंत तो हायवेच्या मधोमध तरंगताना दिसतो. काळं कापड अंथरल्यावर तो अंतर्धान पावला, पण आईला ते आवडलं नाही, म्हणून कापडाला गणपतीपुरतं भोक पाडलंय.

परत घाटात. धक्क्यानंतर चारेक मिनिटं बाचाबाची झाली. तेवढ्यात वाहतूक पोलीस आला, म्हणाला, "आधी गाड्या कडेला घ्या, मग काय ते मिटवा." मी चावी फिरवली. इंजिन सुरू झालं आणि कॅमेऱ्याचा लाल दिवा विझला.

स्टार्टर फिरतो तेव्हा गाडी बाकीच्या वस्तूंची वीज क्षणभर तोडते. बॅटरी असती तर कॅमेऱ्याला ते कळलंही नसतं. बॅटरी नव्हती, म्हणून तो चालू फाईल अर्धवट टाकून मेला. एमपी४ फाईलमध्ये चित्र कुठून कुठवर आहे याची सूची रेकॉर्डिंग थांबताना लिहिली जाते. ती लिहिली गेली नाही तर आत सगळं चित्र असूनही बाहेरून फाईल म्हणजे अनुक्रमणिका फाडलेली आणि पानं सुटी झालेली पोथी. डॅशकॅम एक ते पाच मिनिटांच्या छोट्या फाईली करतो आणि वीज गेल्यावर कपॅसिटरमधल्या शिल्लक विजेवर शेवटची फाईल बंद करून मगच झोपतो. माझा कॅमेरा दर ४ जीबीला, म्हणजे साधारण अठरा मिनिटांनी नवी फाईल करायचा. पहिल्या पाच उत्तम. सहावी, जिच्यात पिकअप होता, ती उघडेचना.

मी कडेला उभं राहून कार्ड रीडरला लावून मोबाईलवर ती फाईल पाच वेळा दाबली. पिकअपवाला शेजारी उभा. "दिसतंय का काही?" त्याच्या आवाजात आता काळजी कमी आणि मजा जास्त होती. पोलीस कंटाळला, नंबर घ्या आणि तुमचं तुम्ही बघा म्हणाला. मी दोन्ही गाड्यांचे, रस्त्याचे, फाळक्याचे मोबाईलवर भरपूर फोटो काढले, त्याचा नंबर घेतला, पैसे दिले नाहीत.

त्या दिवशी मी एकच गोष्ट शहाणपणाची केली, तीही वैतागून: कार्ड खिशात टाकलं आणि वाईपर्यंत कॅमेरा पुन्हा सुरू केला नाही. त्यावर नवं रेकॉर्डिंग चढलं असतं तर कदाचित सगळंच गेलं असतं. मामांकडे जेवणं झाल्यावर कार्ड परत कॅमेऱ्यात घालून यूएसबीला लावलं. पडद्यावर दुरुस्तीची खूण आली, कॅमेरा मिनिटभर गुरगुरला, आणि सहावी फाईल उघडली. बऱ्याच अ‍ॅक्शन कॅमेऱ्यांत ही सोय असते, फक्त कार्ड त्याच कॅमेऱ्यात आणि त्याच अवस्थेत परत जावं लागतं. तीही चालली नसती तर 'अनट्रंक' नावाची एक मोफत प्रणाली आहे. त्याच कॅमेऱ्याची एक धडधाकट फाईल नमुना म्हणून दिली की ती मोडक्या फाईलची सूची पुन्हा रचून देते. एवढ्यावर वेळ आली नाही.

मामा, मामी, आई, सगळे लॅपटॉपभोवती. पहिल्यांदा बघताना मामा म्हणाले, "अरे, पण तो तर केवढा लांब दिसतोय!"

बरोबर होतं त्यांचं. रुंद लेन्स सगळं दूर ढकलते. साडेतीन मीटरवरचा पिकअप दहा-बारा मीटरवर असल्यासारखा दिसत होता. लांबचा पिकअप हळूहळू मोठा होत जातो, म्हणजे आमची गाडीच पुढे गेली असंही कोणी म्हणू शकलं असतं. व्हिडिओवर वेगाचा आकडा नाही. जीपीएसवाले डॅशकॅम तो कोपऱ्यात छापतात. मग आम्ही व्हिडिओ एकेक फ्रेम पुढे सरकवत पाहिला.

डाव्या कडेला घाटाचा काळा-पांढरा कठडा आहे. त्याच्या एका पांढऱ्या पट्ट्याची कड आमच्या वायपरच्या टोकाला बरोबर टेकलेली. पिकअप हलायला लागल्यापासून धक्क्यापर्यंत ९८ फ्रेम आहेत, म्हणजे चार सेकंदांना थोडं कमी. त्या ९८ फ्रेममध्ये पट्टा आणि वायपर एकमेकांपासून तसूभर हलत नाहीत. अठ्ठ्याण्णवाव्या फ्रेमनंतर पहिल्यांदा पट्टा सुटतो, आणि तो पुढच्या दिशेला. म्हणजे आमची गाडी मागे ढकलली गेली. आपणहून पुढे जाणारी गाडी धडकल्यावर अशी मागे जाताना दिसणार नाही.

दुसरी गोष्ट दिसायला आम्हाला तीन वेळा बघावं लागलं. तिसाव्या-पस्तिसाव्या फ्रेमच्या आसपास पिकअपच्या डाव्या दारातून क्लीनर उडी मारतो. हातात दगड. घाटात लोड गाडी उभी केली की मागच्या चाकाला उटी, म्हणजे अडवायला दगड, लावतात, ती लावायची राहिली होती. तो वाकून चाकाच्या मागे दगड सारतो, हात चटकन मागे घेतो, चाक दगडाच्या कडेवरून घसरून तसंच मागे येतं. पोरगं असेल अठरा-एकोणीस वर्षांचं. अर्ध्या सेकंदाने त्याचा हात वाचला. आई तिथे व्हिडिओ थांबवायला लावून बराच वेळ गप्प होती.

आणि आवाज. इंजिन बंद असल्यामुळे मागच्या मोटारसायकलींचं फटफट, आईचं फोनवर मामांना "आम्ही अजून खंबाटकीतच आहोत रे, जेवायला थांबू नका," आणि मग पुढून ओरडणं: "उटी लाव, उटी लाव! सरकली, सरकली!" तो आवाज त्या ड्रायव्हरचाच.

यापेक्षा स्वच्छ पुरावा काय असतो, असं मला वाटलं. आठवड्याने पिकअपचा मालक गॅरेजवर आला, बरोबर पुतण्या. मी व्हिडिओ त्यांना आधीच पाठवला होता. पुतण्याने मोबाईलवर फाईलचा तपशील उघडून माझ्यापुढे धरला. "काका, ही बघा तारीख. १ जानेवारी २०१६. आणि यांची गाडी २०१९ ची."

दुसरा खड्डा हा. बॅटरी काढली की कॅमेऱ्याचं घड्याळही मरतं. दर वेळी वीज आली की ते नव्याने जन्म घेतं, १ जानेवारी २०१६ च्या मध्यरात्री. महिनाभर माझा प्रत्येक प्रवास त्याच नववर्षाच्या रात्री सुरू होत होता आणि मी एकदाही बघितलं नव्हतं.

मालक माणूस समजूतदार होता, पण पुतण्याचं म्हणणंही खोडता येत नव्हतं. मग मी टोलचा आधार घेतला. सकाळी निघाल्यापासून कॅमेरा सलग चालू होता. खेड शिवापूरच्या टोलचा दांडा वर जातो तेव्हा कॅमेऱ्याच्या घड्याळात ००:५२ वाजलेत. फास्टॅगचा मेसेज त्या दिवशीचा, वेळ ८:४१. फरक सात तास एकोणपन्नास मिनिटांचा. पिकअप घसरतो तेव्हा कॅमेरा म्हणतो ०१:४१, म्हणजे खरे साडेनऊ. आईच्या मोबाईलच्या कॉल लॉगमध्ये मामांना लावलेला फोन ९:२८ चा, दोन मिनिटं काही सेकंद, आणि तेच बोलणं व्हिडिओत ऐकू येतंय. पुतण्याने आईचा मोबाईल हातात घेऊन स्वतः पडताळलं. मग तो म्हणाला, "बरोबर आहे." त्यानंतर त्याने काकांच्या बाजूने एक शब्द काढला नाही, आणि याबद्दल मला त्याचं कौतुकच वाटतं.

नंबर प्लेटचा मुद्दा तिथे निघाला नाही, पण मी घरी त्याचा हिशेब मांडला होता. १०८०पी म्हणजे आडवे १९२० ठिपके, लेन्स साधारण १२० अंशांची. अंशाला सोळा ठिपके. चारचाकीची प्लेट ५०० मिलिमीटर रुंद, त्यात दहा अक्षरं-आकडे. दहा मीटरवरून ती जेमतेम शेहेचाळीस ठिपक्यांत मावते, अक्षराला साडेचार. वाचणं अशक्य. पाच मीटरवर अक्षराला नऊ येतात, गाडी उभी असेल तर कसंबसं वाचता येतं. पिकअपचा नंबर असाच वाचता आला, आणि तोही मधल्या काही फ्रेममध्ये. आणखी जवळ आल्यावर प्लेट बॉनेटखाली गेली. नवले पुलावरचा दुचाकीवाला मात्र लूपमध्ये सापडला असता तरी हाती लागला नसता. दुचाकीची मागची प्लेट २०० मिलिमीटरची, त्यात तो पळत होता. लेन्स 'लिनियर' किंवा अरुंद केली तर अंशाला ठिपके वाढतात, पण मग बाजूने घुसणारे दिसत नाहीत. मी आता अरुंद पसंत करतो. बाजूने घुसणाऱ्यांचं काय करायचं हे पुण्यात कोणालाच ठाऊक नाही.

पैशाचं सांगतो, कारण इथे बहुतेकांचा गैरसमज असतो. माझ्या दुरुस्तीचं बिल २१,४०० झालं: बंपर, ग्रिल, एक हेडलॅम्प, बॉनेटचं डेंटिंग-पेंटिंग. स्वतःच्या गाडीच्या नुकसानीचा क्लेम करायला चूक कोणाची हे सिद्ध करावं लागत नाही, पॉलिसी सर्वसमावेशक असेल तर ते पैसे तसेही मिळतात. व्हिडिओमुळे त्यात फार फरक पडला नसता. पण माझी पॉलिसी झिरो डेप, म्हणजे घसारा न कापणारी, नव्हती. प्लास्टिकवर निम्मा घसारा, पत्र्यावर वयाप्रमाणे, शिवाय सक्तीचे हजार रुपये आपल्या खिशातून; बारा-साडेबारा हजार हाती आले असते. आणि पाच वर्षं जपलेला ५० टक्के नो क्लेम बोनस, म्हणजे क्लेम न केल्याबद्दल हप्त्यात मिळणारी सवलत, शून्यावर जाऊन पुन्हा २०, २५, ३५, ४५ अशा पायऱ्या चढत बसला असता. ओन डॅमेजचा, म्हणजे स्वतःच्या गाडीच्या नुकसानीच्या विम्याचा, मूळ हप्ता सहा हजार धरला तर त्या चढणीत एकूण साडेसात हजारांची सवलत जाते. म्हणजे क्लेममधून खरा फायदा पाचेक हजारांचा.

व्हिडिओने वाचवले ते पिकअपवाल्याने मागितलेले पंधरा हजार. आणि मिळवून दिले ते मालकाने नवव्या दिवशी यूपीआयने पाठवलेले बारा हजार. उरलेले ९,४०० मी भरले, क्लेम केला नाही. मालकाकडून पूर्ण वसूल करायला हवे होते असं बायकोचं मत आहे. मला तो दगड घेऊन वाकलेला पोरगा आठवतो; ती भरपाई शेवटी कोणाच्या पगारातून कापली गेली असती याची मला शंका होती.

प्रकरण कोर्टात गेलं असतं तर काय, हे एका वकील मित्राकडून समजून घेतलं. १ जुलै २०२४ पासून पुराव्याचा नवा कायदा, भारतीय साक्ष्य अधिनियम, लागू आहे. त्याच्या कलम ६३ प्रमाणे व्हिडिओची प्रत सादर करायची तर सोबत प्रमाणपत्र लागतं: एक भाग उपकरण ज्याच्या ताब्यात होतं त्याने भरायचा, दुसरा तज्ज्ञाने, आणि फाईलचं हॅश मूल्य नोंदवायचं. हॅश म्हणजे फाईलच्या बोटांचा ठसा. एक ठिपका बदलला तरी ठसा बदलतो. जुन्या कायद्यात हेच ६५-ब होतं. ते प्रमाणपत्र सक्तीचं आहे हे सर्वोच्च न्यायालयाने जुलै २०२० मध्ये ज्या खटल्यात स्पष्ट केलं, तो आपल्याच जालन्याचा, २०१४ च्या विधानसभा निवडणुकीवरून झालेला अर्जुन खोतकर विरुद्ध कैलास गोरंट्याल. त्यातही वाद व्हिडिओ रेकॉर्डिंगचाच होता. मूळ उपकरणच त्या उपकरणाच्या मालकाने कोर्टात आणून साक्ष दिली तर प्रमाणपत्राची गरज नाही, असंही त्या निकालात आहे.

मी मात्र मालकाला व्हिडिओ व्हॉट्सअ‍ॅपवर साधा पाठवला होता. तो तिथे दाबून लहान होतो, ठसा बदलतो. डॉक्युमेंट म्हणून पाठवायला हवा होता. शिवाय माझी सहावी फाईल कॅमेऱ्याने 'दुरुस्त' केलेली, तारीख नऊ वर्षं जुनी. समोर चांगला वकील असता तर त्याने या दोन गोष्टींवर मला अर्धा दिवस उभं केलं असतं.

मे महिन्यात साधा डॅशकॅम घेतला. कपॅसिटरवाला, फ्यूजबॉक्समधून वायर घेतलेला, गाडीच्या बॅटरीचा व्होल्टेज ठरावीक मर्यादेखाली गेला की स्वतःहून बंद होणारा. चित्र अ‍ॅक्शन कॅमेऱ्याच्या पासंगालाही पुरणार नाही, पहिल्या दिवशीचा व्हिडिओ बघून बायको म्हणाली, "हे काय, पाऊस पडतोय का?" पण त्याच्याकडे बघावं लागत नाही. आईची लाल दिव्याची सवय अजून गेलेली नाही, आणि मी तिला विचारू नको असं म्हटलेलं नाही.

अ‍ॅक्शन कॅमेरा नवी बॅटरी घालून, तारीख लावून पुन्हा कपाटात गेला. ते १२८ जीबीचं कार्ड मात्र मी परत वापरलं नाही. कागदाच्या पाकिटात घालून, वर तारीख, पिकअपचा नंबर आणि सहाव्या फाईलचा हॅश लिहून गाडीच्या कागदपत्रांच्या फाईलमध्ये ठेवलंय.